रेड ५ वरील पोस्टग्रेस अचानक मंदावला, तर शोध कोठून सुरू करावा

तुमच्या प्रश्नातून मला जे समजले ते आधी मांडतो, म्हणजे पुढील उत्तर कशाच्या आधारावर आहे हे स्पष्ट राहील. पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात एक लिनक्स सर्व्हर आहे. त्यात ६४ जीबी मेमरी आहे, मिनिटाला १०,००० फेरे घेणाऱ्या १.२ टीबीच्या सहा सॅस (सर्व्हरसाठीच्या) डिस्क हार्डवेअर कंट्रोलरवर, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या कार्डावर, रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशा संचात, जोडलेल्या आहेत आणि त्यावर पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस चालतो. खाती सुमारे १,२०,००० आहेत. डे-एंडमधील, म्हणजे दिवसअखेरच्या कामातील, व्याज आकारणी एकेका खात्यावर होते आणि प्रत्येक खात्यासाठी तीन स्वतंत्र कमिट होतात, म्हणजे केलेले बदल तीनदा कायम केले जातात. हे काम पूर्वी ४० मिनिटांत आटोपत असे; गेल्या काही आठवड्यांपासून त्याला दोन तास दहा मिनिटे लागतात. काउंटरवर गर्दीच्या वेळी व्हाउचर जतन व्हायलाही एक-दोन सेकंद जातात. तुम्ही शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची मेमरी) वाढवले, व्हॅक्यूम (जुन्या नोंदींची सफाई) चालवले, इंडेक्स नव्याने बांधले, पण फरक पडला नाही. कंट्रोलरच्या पडद्यावर सर्व काही ‘ऑप्टिमल’ दिसते. पुरवठादार एसएसडी (फिरणारे भाग नसलेल्या वेगवान डिस्क) घ्या म्हणतो, आणि तो खर्च करावा का, हा तुमचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे आहे की कारण हाती येईपर्यंत खरेदी करू नये. क्वेरी त्याच आहेत, खात्यांची संख्या फारशी वाढलेली नाही, प्रोग्रॅम बदललेला नाही, तरीही वेळ तिपटीहून अधिक झाला, याचा अर्थ डेटाबेसच्या खालच्या थरात काहीतरी बदलले असण्याची शक्यता मोठी आहे. एखादा भाग निकामी झाला तरी काम थांबू न देणे हेच रेडचे प्रयोजन आहे, आणि निदानाची अडचण त्यातूनच उभी राहते. एकटी डिस्क बिघडली तर सर्व्हर बंद पडतो आणि सर्वांना कळते. रेडमध्ये डिस्क बिघडली, कंट्रोलरची बॅटरी मेली किंवा नव्या डिस्कवर डेटाची पुनर्बांधणी सुरू झाली, तरी डेटाबेसला उत्तर मिळत राहते. ते फक्त उशिरा मिळते. वरून पाहणाऱ्याला क्वेरी मंद दिसते आणि तो क्वेरीच दुरुस्त करत बसतो. म्हणून प्रत्येक थराला वेगळे विचारावे लागते की वेळ नेमका कोठे जात आहे.

सुरुवात डेटाबेसपासूनच करा, कारण तेथे विचारणे सर्वांत सोपे आहे. डे-एंड चालू असताना चालू सत्रे दाखवणाऱ्या पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी या दृश्यातील वेट इव्हेंट टाइप आणि वेट इव्हेंट हे दोन रकाने दर सेकंदाला वाचून एका फाइलमध्ये साठवा. दहा मिनिटांत सहाशे नमुने मिळतात आणि चित्र उमटायला तेवढे पुरतात. वॉल म्हणजे प्रत्येक बदल आधी जिच्यात लिहिला जातो ती पोस्टग्रेसची नोंदवही. बहुतेक नमुन्यांत वॉल सिंक किंवा वॉल राइट दिसले, तर सत्रे आपला कमिट डिस्कवर पक्का होण्याची वाट पाहत आहेत. डेटा फाइल रीड दिसले, तर मेमरीत नसलेली पाने डिस्कवरून आणली जात आहेत. लॉक दिसले, तर एक सत्र दुसऱ्याला अडवून बसले आहे. मात्र या शेवटच्या बाबतीत सावध राहा, कारण कमिट मंद झाला की लॉक जास्त वेळ धरला जातो आणि मूळ दुखणे डिस्कचे असूनही लक्षण लॉकचे दिसते. रकाना रिकामा असेल तर सत्र प्रोसेसरवर काम करत आहे, आणि मग शोध क्वेरीच्या प्लॅनकडे, ज्यावरून तो आखला जातो त्या सांख्यिकीकडे व प्रोग्रॅमकडे वळवावा लागेल.

याच्या जोडीला ट्रॅक आयओ टायमिंग ही मांडणी (सेटिंग) चालू करा. ती मुळात बंद असते. त्यानंतर एक्सप्लेन ॲनालाइझ हा आदेश बफर्स या पर्यायासह चालवला की एखाद्या क्वेरीने किती पाने मेमरीतून घेतली, किती बाहेरून वाचली आणि त्या वाचनात किती मिलिसेकंद गेले, हे वेगवेगळे दिसते. विधानांच्या वेळेचा हिशेब ठेवणारे पीजी स्टॅट स्टेटमेंट्स बसवलेले असेल तर त्यात कमिट या विधानाचा सरासरी वेळही पाहा, मात्र त्यासाठी त्यातील युटिलिटी, म्हणजे कमिटसारख्या, विधानांची नोंद चालू असायला हवी. कमिटचा सरासरी वेळ एक मिलिसेकंदाच्या आत असेल तर कमिटची वाट मोकळी आहे. तो दहा मिलिसेकंदांच्या वर असेल, तर तुमच्या डे-एंडचे उत्तर बहुधा तेथेच आहे.

आता लिनक्सच्या थराकडे येऊ. टॉप या आदेशात ‘डब्ल्यूए’ हा आकडा वाढलेला दिसतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्यावर फार विसंबू नका. प्रोसेसर रिकामा आहे आणि त्याच वेळी एखादे डिस्कचे काम अपूर्ण आहे, एवढेच तो सांगतो. प्रोसेसरला दुसरे काम मिळाले की डिस्क तितकीच मंद असूनही हा आकडा खाली येतो. लोड ॲव्हरेजचेही तसेच आहे. लिनक्समध्ये डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रक्रियाही त्यात मोजल्या जातात, त्यामुळे लोड २० दिसला म्हणजे प्रोसेसर कमी पडला, असे होत नाही.

विश्वास ठेवायचा तो डिस्कचे मोजमाप देणाऱ्या आयओस्टॅट या आदेशाच्या विस्तारित तक्त्यावर, आणि त्यातही वाचनाचा सरासरी प्रतीक्षाकाळ, लेखनाचा सरासरी प्रतीक्षाकाळ व रांगेची सरासरी लांबी या तीन रकान्यांवर. पहिला तक्ता सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो, तो सोडून द्या आणि पाच-पाच सेकंदांच्या अंतराने पुढचे तक्ते घ्या. ‘युटिल’ हा टक्केवारीचा रकाना मात्र रेडवर दिशाभूल करतो. किमान एक विनंती प्रलंबित असल्याचा काळ तो मोजतो, आणि लिनक्सला तर कंट्रोलरमागच्या सहा डिस्क एकच डिस्क म्हणून दिसतात. सहांपैकी एकच डिस्क काम करत असली तरी तेथे १०० टक्के उमटू शकतात. क्षमता संपली की नाही हे त्यावरून ठरत नाही. प्रतीक्षाकाळ वाढला की नाही हे पाहावे लागते. लेखनाचा प्रतीक्षाकाळ एक मिलिसेकंदाच्या आसपास असेल तर कंट्रोलरची कॅश, म्हणजे त्याची स्वतःची मेमरी, लेखन झेलत आहे. तोच १५ किंवा २० मिलिसेकंद असेल, तर लेखन थेट फिरत्या डिस्कपर्यंत जाऊन परत येत आहे.

हे आकडे मी कोठून काढतो ते सविस्तर सांगतो, कारण हे गणित एकदा हाताने केले की पुढे कोणत्याही सर्व्हरवर ते स्वतः करता येते.

मिनिटाला १०,००० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ६ मिलिसेकंद. हवी ती जागा सरासरीने अर्ध्या फेऱ्यानंतर हेडखाली येते, म्हणजे ३ मिलिसेकंद. हेड योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी चार-पाच मिलिसेकंद लागतात. म्हणून अशी एक डिस्क विखुरलेल्या जागी सेकंदाला साधारण १३० वाचने देते, आणि सहा डिस्क मिळून ७८० च्या आसपास. वाचनासाठी रेड ५ काही वाईट नाही. लेखनाची गोष्ट वेगळी आहे. खतावणीत एखादी रक्कम बदलली की पानाखालची बेरीजही बदलावी लागते, तसे रेड ५ मध्ये एक छोटा ब्लॉक बदलला की त्याची पॅरिटीही, म्हणजे डिस्क गेल्यास डेटा परत काढण्यासाठी ठेवलेली बेरीजही, बदलावी लागते. त्यासाठी जुना ब्लॉक वाचायचा, जुनी पॅरिटी वाचायची, मग नवा ब्लॉक लिहायचा आणि नवी पॅरिटी लिहायची. डेटाबेसच्या एका लेखनामागे डिस्कवर चार कामे होतात. त्यामुळे त्याच सहा डिस्क विखुरलेली छोटी लेखने सेकंदाला सुमारे १९५ एवढीच पेलतात. डेटाच्या दोन प्रती ठेवणाऱ्या रेड १० मध्ये एका लेखनामागे दोन कामे असतात, म्हणून तेथे ३९० मिळतात. दोन पॅरिटी ठेवणाऱ्या रेड ६ मध्ये सहा कामे असतात, तेथे १३० मिळतात. १९८८ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली, तेव्हाच छोट्या लेखनाचा हा भुर्दंड त्यांनी हिशेबात धरला होता. त्यात नवे काही नाही. तो विसरला जातो, एवढेच.

तुमच्या डे-एंडचा प्रश्न मात्र एकूण क्षमतेपेक्षा वेगळा आहे, आणि येथे बरेच जाणकारही फसतात. डे-एंड एकाच सत्रात, एका पाठोपाठ एक कमिट करत चालते. पुढचे खाते मागच्या खात्याचा कमिट पक्का झाल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे त्याचा वेग सेकंदाला किती लेखने होतात यावर अवलंबून नसून एक लेखन पूर्ण व्हायला किती वेळ लागतो यावर अवलंबून आहे. पोस्टग्रेस प्रत्येक कमिटच्या वेळी वॉल फाइलचे शेवटचे पान डिस्कवर पक्के करून घेतो. लागोपाठच्या छोट्या कमिटमध्ये ८ केबीचे तेच पान पुनःपुन्हा लिहिले जाते, म्हणून कॅश नसेल तर डिस्कवरची तीच जागा पुन्हा हेडखाली येईपर्यंत एक पूर्ण फेरा थांबावे लागते. रेड ५ मध्ये त्याआधी वाचन आणि सोबत पॅरिटीचे लेखन असते, म्हणजे दोन-तीन फेरे, म्हणजेच १२ ते १८ मिलिसेकंद. सरासरी १५ धरू. तुमच्या १,२०,००० खात्यांचे तीन-तीन कमिट म्हणजे ३,६०,००० कमिट. त्यांना १५ मिलिसेकंदांनी गुणले की ५,४०० सेकंद होतात, म्हणजे ९० मिनिटे. पूर्वीच्या ४० मिनिटांत ही ९० मिळवली की तुम्ही सांगितलेले दोन तास दहा मिनिटे येतात. हा मेळ इतका जवळचा आहे की माझा पहिला संशय कंट्रोलरच्या लेखन कॅशवर जातो. अर्थात आकडे जुळले म्हणजे निदान सिद्ध झाले असे नाही. ते पुढे तपासायचे आहे.

दिवसा काउंटरवर त्रास तुलनेने कमी का, हेही यातूनच उलगडते. अनेक सत्रे एकाच वेळी कमिट करत असतात तेव्हा पोस्टग्रेस त्यांपैकी कित्येकांचे वॉल एकाच फेरीत पक्के करतो, त्यामुळे खर्च वाटला जातो. रात्रीच्या एकट्या सत्राला ती सवलत मिळत नाही. म्हणूनच रेडमध्ये आणखी दोन डिस्क घालून डे-एंड वेगवान होणार नाही, कारण एका कमिटचा प्रतीक्षाकाळ डिस्कच्या संख्येने कमी होत नाही.

आता कंट्रोलरकडे. त्याच्यावर स्वतःची मेमरी असते. तिला राइट बॅक पद्धतीने वापरले की लेखन त्या मेमरीत पोहोचताच कंट्रोलर ‘झाले’ असे उत्तर देतो आणि डिस्कवर नंतर सवडीने, शेजारचे ब्लॉक एकत्र करून लिहितो. वीज गेली तर ही मेमरी जपण्यासाठी बॅटरी असते. नव्या कंट्रोलरवर बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश असते. बॅटरी कमकुवत झाली की कंट्रोलर स्वतःहून राइट थ्रू पद्धतीवर जातो, म्हणजे डिस्कवर खरोखर लिहून झाल्याशिवाय उत्तर देत नाही. त्याचे हे वागणे अगदी योग्य आहे आणि त्याने तसेच वागावे. अडचण अशी की याची वर्दी बहुतेकदा कोणापर्यंत पोहोचत नाही. ‘ऑप्टिमल’ हा शब्द सर्व डिस्क हजर आहेत आणि डेटाचे संरक्षण पूर्ण आहे, एवढ्यापुरताच असतो. कॅश कोणत्या पद्धतीने चालली आहे याविषयी तो काहीही सांगत नाही.

त्यामुळे कंट्रोलरच्या साधनातून, मग ते स्टोअरसीएलआय असो, मेगासीएलआय असो की तुमच्या सर्व्हर कंपनीचे दुसरे काही, व्हर्च्युअल ड्राइव्हचा, म्हणजे लिनक्सला एकच डिस्क म्हणून दिसणाऱ्या संचाचा, पूर्ण तपशील काढा. जेथे डिफॉल्ट कॅश पॉलिसी आणि करंट कॅश पॉलिसी अशा दोन ओळी दिसतात, तेथे दोन्ही वाचा. डिफॉल्टमध्ये राइट बॅक आणि करंटमध्ये राइट थ्रू असेल, तर कोणीतरी ठरवलेली पद्धत आणि प्रत्यक्ष चाललेली पद्धत वेगळी आहे, आणि बहुधा त्याचे कारण बॅटरी आहे. मग बॅटरीचा तपशील काढा: तिची स्थिती, ती बदलण्याची सूचना, शिल्लक क्षमता आणि लर्न सायकलची तारीख. जुन्या कंट्रोलरवर बॅटरीची क्षमता मोजण्यासाठी ती ठरावीक काळाने पूर्ण रिकामी करून पुन्हा भरली जाते, आणि त्या काही तासांत कॅश राइट थ्रूवर जाते. दर काही महिन्यांनी एखादा दिवस सर्व्हर विनाकारण मंद होतो आणि दुसऱ्या दिवशी आपोआप बरा होतो, अशी तक्रार असेल तर पहिली शंका लर्न सायकलचीच घ्यावी. तुमच्याकडे मंदपणा सलग टिकून आहे, म्हणून मला बॅटरी संपल्याची शक्यता अधिक वाटते. उष्णतेने या बॅटऱ्या लवकर उतरतात, आणि सर्व्हरच्या खोलीतला एसी रात्री बंद करण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती आजच थांबवा.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कंट्रोलरवर बॅटरी नसली तरी राइट बॅक चालू ठेवण्याचा पर्याय असतो, आणि ‘आपल्याकडे यूपीएस आहे, मग काय बिघडते’ असे म्हणून तो निवडला जातो. डे-एंड त्याच रात्री पुन्हा ४० मिनिटांत होईल आणि सर्वांना काम फत्ते झाल्यासारखे वाटेल. पण यूपीएस फक्त बाहेरची वीज जाण्यापासून वाचवतो. सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळाला, मदरबोर्ड बिघडला, कोणी चुकीची केबल ओढली, किंवा यूपीएसचीच बॅटरी संपलेली निघाली, तर पोस्टग्रेसला ‘पक्के झाले’ म्हणून सांगितलेली शेवटची लेखने नाहीशी होतील. लोकांच्या ठेवींच्या नोंदी ज्या सर्व्हरवर आहेत तेथे हा धोका पत्करू नये. फाइल सिस्टिमचे बॅरियर (लेखनाचा क्रम राखणारी सोय) बंद करणे आणि पोस्टग्रेसचे एफसिंक (लेखन डिस्कवर पक्के करून घेण्याची सक्ती) बंद करणे हे सल्लेही याच जातीचे आहेत. त्यांनी वेग येतो तो सुरक्षितता सोडून दिल्यामुळे येतो, आणि एफसिंक बंद असताना सर्व्हर कोसळला तर शेवटचे काही व्यवहार जाऊन भागत नाही, पूर्ण डेटाबेसच दूषित होऊ शकतो.

बॅटरी ठीक निघाली तर पुढचा संशय एखाद्या आजारी डिस्कवर घ्या. रेड ५ मध्ये लेखनाला दोन डिस्कचे उत्तर लागते आणि मोठे वाचन सर्व डिस्कवर पसरलेले असते, त्यामुळे एक डिस्क अडखळली की अख्खा संच तिच्या चालीने चालतो. खराब होत चाललेली डिस्क तोच सेक्टर पुनःपुन्हा वाचून पाहते आणि अखेर यशस्वी झाली की ‘ठीक आहे’ म्हणते. कंट्रोलरच्या दृष्टीने ती निकामी ठरत नाही. म्हणून प्रत्येक डिस्कचे मीडिया एरर, अदर एरर आणि प्रेडिक्टिव्ह फेल्युअर हे मोजमाप स्वतंत्र पाहा. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणीच्या साधनाला कंट्रोलरमागच्या डिस्कचा क्रमांक दिला की सॅस डिस्कवर ग्रोन डिफेक्ट लिस्टमधील, म्हणजे वापरात खराब झालेल्या जागांच्या यादीतील, संख्या आणि दुरुस्त न झालेल्या चुकांची संख्या मिळते. सहांपैकी पाच डिस्कवर शून्य आणि एकीवर काही शे असतील, तर ती डिस्क बदला. कंट्रोलर तिला बाद करीपर्यंत थांबू नका. पण बदलण्यापूर्वी ताजा बॅकअप घेऊन तो दुसरीकडे उतरवून तपासा, कारण रेड ५ मध्ये पुनर्बांधणीच्या काळात दुसरी डिस्क गेली तर काहीच उरत नाही.

या निमित्ताने सांगतो की कधीकधी सॅसऐवजी साध्या संगणकासाठीच्या साटा डिस्क सर्व्हरमध्ये बसवलेल्या आढळतात. रेडसाठी बनवलेली डिस्क खराब सेक्टरवर साधारण सात सेकंदांत हार मानते आणि काम कंट्रोलरवर सोपवते, कारण तोच डेटा पॅरिटीवरून काढता येतो. साध्या डिस्कला ती मर्यादा नसल्याने ती कितीतरी अधिक वेळ झगडत राहते, आणि तेवढा वेळ डेटाबेस गोठून राहतो. तुमच्या डिस्क सॅस आहेत, त्यामुळे हा भाग तुम्ही सोडून देऊ शकता.

पार्श्वभूमीला चालणारी कामेही पाहून घ्या. एखादी डिस्क पूर्वीच बदलली गेली असेल तर पुनर्बांधणी सुरू असू शकते. १.२ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने भरायची म्हटले तरी तीन तास वीस मिनिटे लागतात, आणि दिवसभराच्या कामाबरोबर तो वेळ कितीतरी वाढतो. संचातली एक डिस्क गैरहजर असताना तिच्यावरचा प्रत्येक ब्लॉक उरलेल्या पाचही डिस्क वाचून काढावा लागतो, म्हणून त्या काळात वाचनही मंदावते. याशिवाय पॅट्रोल रीड आणि कन्सिस्टन्सी चेक ही तपासणीची कामे ठरावीक दिवशी आपोआप चालतात. ती बंद करू नका, कारण न वाचलेल्या कोपऱ्यातला खराब सेक्टर पुनर्बांधणीच्या आधीच सापडणे गरजेचे असते. फक्त त्यांची वेळ तपासा. कंट्रोलरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर रात्री तीनसाठी लावलेली तपासणी आपल्याकडे सकाळी साडेआठला सुरू होते आणि काउंटर उघडण्याच्या ऐन वेळी डिस्क गुंतलेली असते.

आणखी एक कारण सहज नजरेतून सुटते. बॅकअपसाठी एलव्हीएम या लिनक्सच्या डिस्क-विभागणीच्या सोयीतून स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतला गेला आणि नंतर काढायचा राहून गेला, तर साध्या प्रकारच्या स्नॅपशॉटमध्ये मूळ जागेवरील पहिल्या लेखनाआधी जुना मजकूर उचलून दुसरीकडे लिहिला जातो. एलव्हीएस हा आदेश चालवला की असा विसरलेला स्नॅपशॉट लगेच दिसतो.

तुम्ही शेअर्ड बफर्स वाढवल्याचे लिहिले आहे, पण मॅक्स वॉल साइझ, म्हणजे वॉलची मर्यादा, बदलल्याचा उल्लेख नाही. तो मूळ १ जीबीवरच असेल तर डे-एंडमध्ये वॉल झपाट्याने भरून चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतली बदललेली पाने डिस्कवर उतरवण्याचे काम, वारंवार होत असतील. प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखादे पान पहिल्यांदा बदलले की पोस्टग्रेस ते संपूर्ण ८ केबीचे पान वॉलमध्ये लिहितो, म्हणजे चेकपॉइंट जितके जवळजवळ तितके वॉल जास्त. लॉगमध्ये चेकपॉइंट फार वारंवार होत असल्याचा इशारा असेल तर ही मर्यादा वाढवा. जागा असेल तर १६ जीबी ठेवायला हरकत नाही. कोसळल्यानंतर पूर्ववत व्हायला थोडा अधिक वेळ लागेल, एवढीच त्याची किंमत आहे. यातून सुधारणा होईल, पण बॅटरीचा प्रश्न असेल तर तो यातून सुटणार नाही.

संशय पक्का करण्यासाठी पोस्टग्रेससोबत येणारे पीजी टेस्ट एफसिंक हे छोटे साधन वापरा. कामकाज बंद असताना, वॉल ज्या फाइल सिस्टिमवर आहे तेथील चाचणी फाइलचा मार्ग देऊन ते चालवा. एफडेटासिंकच्या ओळीत सेकंदाला काही हजार लेखने आली तर लेखन कॅश जागी आहे. आकडा १६७ च्या आसपास किंवा त्याच्या खाली आला, तर प्रत्येक कमिट डिस्कच्या फेऱ्याची वाट पाहत आहे, हे सिद्ध झाले. एफआयओ हे साधन अधिक सामर्थ्यवान आहे, पण त्याला चुकून फाइलऐवजी थेट डिस्कचे नाव देऊन लेखनाची चाचणी केली तर त्यावरचा डेटा पुसला जातो. चालत्या सर्व्हरवर मी ते टाळतो.

उपायांविषयी माझे मत असे आहे. बॅटरी संपलेली निघाली तर ती बदला. नव्या सर्व्हरच्या तुलनेत तो खर्च नगण्य आहे. जुन्या मॉडेलची बॅटरी मागवताना तिच्या उत्पादनाची तारीख विचारा, कारण गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिलेलीही उतरलेली असते. ती बसवल्यावर पूर्ण चार्ज होईपर्यंत कंट्रोलर राइट थ्रूवरच राहील, म्हणून पहिल्या काही तासांत निराश होऊ नका. मात्र बॅटरी येण्याची वाट न पाहता प्रोग्रॅम बनवणाऱ्यांकडे एक मागणी आजच करा: खात्यामागे तीन कमिट करण्याऐवजी पाचशे खात्यांचा गट घेऊन शेवटी एक कमिट करावा. मग ३,६०,००० कमिटच्या जागी २४० कमिट राहतील आणि १५ मिलिसेकंदांनीही त्यांचा एकूण वेळ चार सेकंदांच्या आत येईल. गट मध्येच अडला तर तो संपूर्ण मागे घेऊन पुन्हा चालवता येईल, अशी नोंद मात्र प्रोग्रॅमने ठेवली पाहिजे. हा बदल झाला की उद्या पुन्हा बॅटरी गेली तरी रात्रीचे काम अडणार नाही.

सिंक्रोनस कमिट, म्हणजे कमिट डिस्कवर पक्का होईपर्यंत थांबणे, बंद करण्याचा सल्ला कोणी देईल. त्यात डेटाबेस दूषित होत नाही, पण सर्व्हर कोसळल्यास शेवटच्या काही क्षणांचे, ग्राहकाला पावती दिलेले व्यवहार नाहीसे होऊ शकतात. अहवालासाठीचे तात्पुरते तक्ते भरणाऱ्या सत्रापुरते ते चालेल. पैशांच्या नोंदींसाठी ते मला मान्य नाही.

एसएसडीला माझा विरोध नाही. नमुन्यांत डेटा फाइल रीड सतत दिसत असेल, बॅटरी आणि डिस्क निरोगी असूनही वाचनाचा प्रतीक्षाकाळ २० मिलिसेकंदांच्या वर राहत असेल, आणि डेटा मेमरीच्या कितीतरी पट झालेला असेल, तर फिरत्या डिस्कची क्षमता खरोखरच संपली आहे आणि तो खर्च योग्य आहे. त्या वेळी वीज गेल्यावर स्वतःची मेमरी जपणारे कपॅसिटर असलेल्या, सर्व्हरसाठीच्या एसएसडी घ्या आणि त्या रेड १ किंवा रेड १० मध्ये लावा. दुकानात मिळणाऱ्या साध्या एसएसडीवर हे कपॅसिटर सहसा नसतात, आणि प्रत्येक कमिट पक्का करताना त्या जाहिरातीतल्या आकड्यांच्या जवळपासही पोहोचत नाहीत.

तूर्त मला तीन गोष्टी कळवा: व्हर्च्युअल ड्राइव्हच्या कॅश पॉलिसीच्या दोन्ही ओळी व बॅटरीची स्थिती, डे-एंड चालू असतानाचे आयओस्टॅटचे दहा मिनिटांचे तक्ते, आणि त्याच दहा मिनिटांतील वेट इव्हेंटचे नमुने. ते घेताना वेळ एकच ठेवा, म्हणजे एकमेकांशी ताडून पाहता येतील. ते हाती येईपर्यंत ट्रॅक आयओ टायमिंग सोडून शेअर्ड बफर्स किंवा अन्य कोणतीही मांडणी बदलू नका.